काळ्या मॅट रंगाखाली पटाशीचं काम कसं दिसतं

प्रश्न थोडक्यात असा: पाइनच्या फळ्यांची एक पेटी केली, कोपऱ्यांना डोव्हटेल सांधे (पसरत्या शेपटीच्या आकाराचे, एकमेकांत अडकणारे) घातले. पटाश्या नव्या, ग्राइंडरवर धार काढलेल्या, तरीही फळीच्या टोकाला लाकूड कापलं न जाता चुरा होऊन निघालं. ते खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवले आणि वरून मॅट काळ्या रंगाचे दोन हात दिले. आता लांबीचे ठिपके वेगळे चमकतात, सांध्याची टोकं करडी आणि खरबरीत दिसतात, आणि झाकणाला जिथे बोट लागतं तिथे डाग उठतो. धारेसाठी दगड कोणता घ्यावा आणि काळा रंग कोणता निवडावा, असे दोन प्रश्न त्यावरून विचारले आहेत.

मी पंचवीसेक वर्षं लाकडात काम करतोय आणि त्यातला बराच काळ काळ्या रंगाच्या वस्तूंमध्ये गेला आहे. माझ्या लेखी हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. रंगात जे बिघडलेलं दिसतंय त्यातलं निम्मं पटाशीने आधीच करून ठेवलं होतं.

काळ्या रंगाखाली सगळं झाकलं जातं असं बहुतेक जण धरून चालतात. चकचकीत काळ्या पृष्ठभागावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं, आणि फळी जरा जरी वर-खाली असली तरी ते प्रतिबिंब वाकडं होतं. मॅट रंगात प्रतिबिंबच नसतं, त्यामुळे फळीचा हलका उंचसखलपणा तो पोटात घालतो. पोतातला फरक मात्र तो पोटात घालत नाही. एका जागी लाकूड स्वच्छ कापलेलं, शेजारी चुरडलेलं, त्याच्या शेजारी लांबीचा गुळगुळीत ठिपका, अशा तीन जागांवरून प्रकाश तीन तऱ्हांनी विखुरतो आणि एकाच डब्यातला रंग तीन वेगळे काळे दिसू लागतो. पांढऱ्या किंवा तपकिरी रंगात हे इतकं डोळ्यांत भरत नाही, काळ्यात लगेच भरतं. म्हणून आधी धारेचं बोलू.

पाइनसारखं मऊ लाकूड कापायला सोपं, हा समज पहिल्यांदा सोडा. फळीच्या टोकाला तंतूंची तोंडं उघडी असतात. कठीण लाकडात ते तंतू एकमेकांना धरून उभे राहतात, त्यामुळे जराशी बोथट पटाशीही त्यांना तोडून जाते. मऊ लाकडात ते धारेपुढे वाकतात, दुमडतात आणि मुळापासून उपटले जातात. तुमच्या सांध्यातले खड्डे म्हणजे असे उपटलेले तंतू. मऊ लाकडाला कठीण लाकडापेक्षा जास्त तीक्ष्ण पटाशी लागते, आणि कोनही जरा कमी लागतो.

धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथे मिळतात ती रेघ. एक बाजू उताराची, दुसरी पाठीची. बहुतेक जण उतारावर तास घालवतात आणि पाठीकडे बघतही नाहीत. नवी पटाशी उजेडात धरून पाठ बघा: कारखान्यातल्या घासणीच्या बारीक रेघा दिसतील. त्या रेघा धारेपर्यंत पोचतात, आणि तिथे धार करवतीच्या दातांसारखी होते. उतार आरशासारखा केला तरी पाठीच्या रेघा तशाच राहिल्या, तर धार करवतीचीच राहते.

म्हणून पहिलं काम पाठीचं. पूर्ण लांबी सपाट करायची गरज नाही, धारेलगतचे २०-२५ मिलिमीटर पुरे. पाठीवर मार्करने काळी शाई फासा, १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) पाठ आडवी टेकवा, दोन बोटं अगदी धारेजवळ ठेवून दाबा आणि पुढे-मागे घासा. दहा-बारा फेऱ्यांनंतर उचलून बघा. जिथली शाई गेली तिथे दगड लागतोय, जिथे राहिली तिथे खोलगट आहे. धारेच्या रेघेला लागून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत शाई गेली की थांबा. मागे खळगा राहिला तर राहू द्या. या सगळ्या वेळात मूठ वर उचलायची नाही, कारण एकदा पाठीचा काठ गोल झाला की तो परत सपाट करायला पुष्कळ पोलाद घासावं लागतं. चांगल्या पटाशीला अर्धा-पाऊण तास लागतो, पण एकदा झालं की पुन्हा करावं लागत नाही.

मग उताराचा कोन. सर्वसाधारण पटाशीला मुख्य उतार २५ अंशांचा आणि टोकाशी अगदी बारीक दुसरा उतार ३० अंशांचा, ही जुनी आणि चांगली रीत आहे. मोगरीने ठोकून खोल खाचा पाडायच्या असतील तर ३० ते ३५, आणि हाताने दाबून साली काढायच्या असतील तर २५ किंवा त्याहून थोडा कमी. पाइनच्या डोव्हटेलसाठी मी एक पटाशी निव्वळ २५ अंशांची ठेवतो आणि तिला मोगरी लावत नाही. कोनमापक नसला तरी अडत नाही: ३० अंशांच्या उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असते, २५ अंशांची जाडीच्या २.३७ पट. पातं ४ मिलिमीटर जाड असेल तर उतार ८ मिलिमीटर भरला की ३० अंश, साडेनऊ भरला की २५.

तुम्ही ग्राइंडरवर धार काढली आहे, आणि मला सगळ्यात जास्त शंका तिथेच आहे. साध्या कार्बन पोलादाला पाणी देताना शेवटी साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून कठीणपणा आणि चिवटपणा यांचा मेळ बसवलेला असतो. ग्राइंडरवर पात्याचं टोक त्याच्या पुढे गेलं की पोलादाचं पाणी उतरायला लागतं. रंगावरून कळतं: आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या जवळपास निळा. निळा दिसला म्हणजे तेवढं टोक मऊ झालं. सुरुवातीच्या दिवसांत माझी एक १२ मिलिमीटरची पटाशी अशी गेली. डाव्या कोपऱ्यावर निळी झाक आली, मी ती दगडावर घासून चकचकीत केली आणि रंग निघून गेला म्हणून समाधान मानलं. रंग वरवरचा असतो, मऊपणा आतपर्यंत असतो. पुढचे दोन महिने ती पटाशी दहा-पंधरा घाव घातले की त्याच कोपऱ्यात दुमडायची आणि मी दगडाला दोष द्यायचो. शेवटी निळं झालेलं सगळं पोलाद सावकाश घासून मागे नेलं, तेव्हा ती सुधारली. तुमच्या पटाशीचा एखादा भाग सतत लवकर बोथट होत असेल तर हेच झालेलं असण्याची शक्यता आहे. ग्राइंडर वापरायचाच असेल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा, पातं उघड्या बोटाने धरा, आणि बोटाला चटका जाणवायला लागण्याआधीच थांबा. धारेच्या रेघेपर्यंत ग्राइंडर नेऊ नका, शेवटचा मिलिमीटर दगडासाठी सोडा.

आता दगड. पाण्याचा दगड पटकन कापतो पण पटकन झिजून मध्ये खोलगट होतो. तेलाचा दगड सावकाश कापतो, जास्त टिकतो. हिऱ्याची पाटी सपाटच राहते, पाणी शिंपडलं की काम सुरू. जाड काचेवर चिकटवलेला ओला-सुका पॉलिश पेपर सुरुवातीला सगळ्यात कमी खर्चाचा, पण कागद लवकर संपतात. यातलं काहीही चालतं. माझी निवड विचाराल तर हिऱ्याची एक पाटी १०००-१२०० ची, पाण्याचा एक दगड ६००० ते ८००० चा आणि लाकडी पट्टीवर चिकटवलेला चामड्याचा तुकडा. त्याहून भरड काही फक्त धारेला टवका उडाला तरच लागतं. नंबर वाचताना एक घोळ टाळा: दगडाचे आणि कागदाचे आकडे एका मापाचे नसतात. जपानी मानकाप्रमाणे १००० नंबरच्या दगडाचा कण ११-१२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि तेवढ्या बारीक कणाचा पॉलिश पेपर हवा असेल तर पी २००० च्या आसपासचा घ्यावा लागतो. दगडावर १००० केलं म्हणून कागदही १००० चा घेतला, तर पाऊल मागे पडतं.

पाण्याचा दगड वापरलात तर तो सपाट ठेवणं हे धार लावण्याइतकंच महत्त्वाचं आहे. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा ओढा, काचेवरच्या भरड ओल्या कागदावर घासा, सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. दर दोन-तीन पटाश्यांनंतर मी हे करतो. खोलगट दगडावर पाठ घासली तर आधी केलेलं सगळं फुकट जातं.

उतार घासताना कोन धरून ठेवणारी चाकाची गाडी वापरायला काहीच हरकत नाही. दोन्ही बाजूंनी पातं पकडणाऱ्या नेहमीच्या गाडीत पटाशी ४० मिलिमीटर पुढे काढली की २५ अंश मिळतात, ३० मिलिमीटर काढली की ३०. एका फळीच्या तुकड्यावर या दोन मापांच्या पट्ट्या ठोकून ठेवा, म्हणजे दर वेळी तोच कोन लागेल. हाताने करायचं असेल तर कोपर अंगाशी बांधल्यासारखं ठेवा आणि हालचाल कमरेतून करा. मनगट हललं की उतार गोल होतो.

१००० वर घासताना पहिल्यांदा खरखरीत आवाज येतो, दगडावर करडं पाणी साचतं. आठ-दहा फेऱ्यांनंतर पाठीवरून बोट हळूच धारेच्या बाहेरच्या दिशेने ओढा. धारेच्या रेघेवरून बोट कधीच फिरवायचं नाही. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बारीक काठ बोटाला अडला, तर उतार आणि पाठ खरोखर मिळाले आहेत आणि पोलादाची पातळ कड पलीकडे दुमडली आहे. मध्ये अडली आणि कोपऱ्यांना नाही, तर काम बाकी आहे. ही कड येण्याआधी बारीक दगडावर गेलात तर तासभर घासूनही धार येणार नाही, आणि माझ्याकडे शिकायला आलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांची गाडी इथेच अडलेली पाहिली आहे. कड आली की बारीक दगडावर उताराच्या आठ-दहा फेऱ्या, मग पाठ अगदी सपाट ठेवून दोन-तीन, पुन्हा उतार, पुन्हा पाठ. कड मागे-पुढे होत शेवटी गळून पडते. मग चामड्यावर धार चमकवायची हिरवी पेस्ट लावून फक्त मागे ओढत पाच-सहा वेळा. चामड्यावर जोर लावला किंवा शेवटी मूठ उचलली तर धार गोल होते, म्हणून पटाशीचं स्वतःचं वजन पडेल तेवढंच.

तपासायचं कसं? हातावरचे केस निघतात का, यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण कड शिल्लक असलेली पटाशीही केस काढते. पाइनचा तुकडा घ्या आणि त्याच्या टोकावरून हाताने दाबून पातळ साल काढा. बोथट पटाशीने साल येतच नाही, पीठ येतं आणि मागे पांढरट खरखरीत जागा उरते. तीक्ष्ण पटाशीने कागदासारखी अखंड साल निघते आणि कापलेली जागा मेण चोळल्यासारखी तकाकते. वार्षिक वलयांमधला फिका, मऊ भाग बघा. तो स्वच्छ कापला गेला असेल तर धार पोचली. दुसरी खूण: धार दिव्याखाली धरा. रेघेवर कुठेही पांढरा ठिपका किंवा रेषा चमकली तर ती बोथट जागा आहे. खऱ्या धारेवरून प्रकाश परतत नाही, ती दिसतच नाही.

ती तकाकणारी जागाच आपल्याला काळ्या रंगाखाली हवी आहे.

डोव्हटेल खोदताना रेघ चाकूने आखा, पेन्सिलीने नाही. आधी रेघेपासून एक-दोन मिलिमीटर अलीकडे खोदून बराचसा भाग काढा, दोन्ही तोंडांकडून निम्मं-निम्मं, आणि शेवटची साल रेघेत पटाशी बसवून घ्या. एकदम रेघेवर ठोकलं तर पाचरीसारखं पातं मागे सरकतं आणि रेघ चेपते. दर दहा-पंधरा मिनिटांनी चामड्यावर चार हात मारा. बोथट झाल्याचं लाकडावर दिसायची वाट पाहू नका.

दगडावरून रंगाकडे जाताना मध्ये एक जागा आहे, तिच्याबद्दल फार थोडे जण बोलतात: तुमचे हात आणि पटाशीवरचं तेल. करड्या पाण्यात लोखंडाचे कण असतात. ओकसारख्या टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असलेल्या लाकडाला ते ओले लागले की निळे-काळे डाग पडतात, आणि पुढे फिकं पॉलिश द्यायचं असेल तर ते फार त्रास देतात. तेल त्याहून वाईट. गंज येऊ नये म्हणून सिलिकॉनचा फवारा मारलेली पटाशी लाकडाला लागली, तर तिथे रंग फाटतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पटाश्यांना साधं खनिज तेल पातळसं पुसा, आणि शेवटच्या साली काढण्याआधी पातं थिनरच्या फडक्याने स्वच्छ करा. हात साबणाने धुवा.

आता रंग. मॅट रंग मॅट का दिसतो हे कळलं की निवड अर्धी होते. चकचकीत रंगात रंगद्रव्य आणि ते बांधून ठेवणारं राळेसारखं द्रव्य असतं, आणि वाळल्यावर वरचा थर काचेसारखा सपाट होतो. मॅट रंगात त्यात सिलिकाची अतिशय बारीक पूड मिसळतात, किंवा बांधणारं द्रव्य कमी आणि पूड जास्त ठेवतात. वाळल्यावर हे कण पृष्ठभागाच्या वर किंचित डोकं काढतात आणि प्रकाश चहूकडे विखुरतात. म्हणजे मॅटपणा हा पृष्ठभागाचा सूक्ष्म खडबडीतपणा आहे. बोटाचं तेल त्या खाचांत भरतं आणि तेवढी जागा गडद, चमकदार दिसते. फडक्याने जोरात घासलं की कणांची डोकी झिजतात आणि कायमचा चकाकता पट्टा पडतो. तुमच्या झाकणावरचे डाग यातले पहिल्या प्रकारचे आहेत. घासून काढायला गेलात तर दुसऱ्या प्रकारचे होतील.

रंगाचा डबा महिनाभर ठेवून उघडा आणि काठी तळाशी घाला. तळाला करडा-काळा चिकट थर लागेल, खरवडून काढावा इतका घट्ट. तुमच्या रंगाचा मॅटपणा तिथे बसलेला असतो. वरवर ढवळून रंग लावला तर पहिल्या फळ्या चमकदार होतात आणि डबा संपत आला की शेवटच्या फळ्या खडूसारख्या. तळ पूर्ण मोकळा होईपर्यंत सपाट काठीने ढवळा आणि काम करतानाही मधूनमधून ढवळत राहा. डबा हलवू नका, फेस येतो आणि बुडबुड्यांच्या खुणा मॅट रंगात स्पष्ट राहतात. फवाऱ्याच्या डब्याचं उलट: आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढे मिनिटभर तरी हलवा.

चमक मोजायची रीत ठरलेली आहे. ६० अंशांवरून प्रकाश टाकून किती परततो ते मोजतात. साधारण १० च्या खालचा आकडा मॅट, अगदी निर्जीव मॅट ५ च्या खाली, आणि सॅटिन, म्हणजे मॅट आणि चकचकीत यांच्या मधला, २० ते ३५ च्या पट्ट्यात. उत्पादकांच्या शब्दांवर जाऊ नका, एकाचा मॅट दुसऱ्याच्या सॅटिनच्या जवळ असतो. तांत्रिक माहितीच्या पत्रकात हा आकडा असेल तर तो बघा. माझं स्पष्ट मत: ज्या वस्तूला रोज हात लागतो तिला १० ते १५ चा रंग द्या. भिंतीवरची चौकट, शिल्पाचा पाया, ज्याला कोणी शिवत नाही, तिथे ५ च्या खालचा रंग सुंदर दिसतो. पेटीच्या झाकणावर तो महिनाभरही नीट राहत नाही.

भिंतीचा मॅट इमल्शन लाकडी वस्तूला लावू नका. तो मऊ असतो, नखाने खरवडला जातो, आणि बहुधा तुमच्या हातून हेच झालेलं आहे. फळ्यासाठीचा काळा रंग कठीण असतो, पण त्याची झाक करडी आणि पोत खडूच्या लायकीचा, पेटीवर तो कोरडा दिसतो. लाकूड आणि धातूसाठी बनवलेला पाण्यावरचा ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन इनॅमल, मॅट किंवा लो-शीन (कमी चमकेचा), हा बहुतेक कामांना योग्य. वास कमी, दोन तासांत दुसरा हात देता येतो, झाक बदलत नाही. तेलावरचा अल्किड मॅट त्याहून सपाट पसरतो आणि ब्रशच्या रेघा कमी दिसतात, पण वाळायला एक दिवस लागतो आणि तोवर धूळ बसते. दुधाच्या केसीनपासूनचा रंग मला मनापासून आवडतो. तो खोल, मखमली दिसतो, पण त्यावर तेल किंवा मेण हवंच. जवसाचं तेल लावलंत तर ते फडकं चुरगळून टाकू नका, उघडं पसरून वाळवा; गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेटू शकतं.

सगळे काळे एक नसतात. कार्बन ब्लॅकचा काळा गडद आणि किंचित निळसर दिसू शकतो, लोह ऑक्साइडचा काळा मऊ, तपकिरीकडे झुकलेला. डब्याच्या झाकणावरून हे कळत नाही. फळीच्या दोन तुकड्यांवर दोन रंग लावा, वाळू द्या, खिडकीजवळ शेजारी धरा, मग फरक लगेच दिसतो. जगातला सगळ्यात काळा रंग हवा असं कोणी ना कोणी विचारतंच. २०१४ मध्ये जाहीर झालेला व्हँटाब्लॅक ९९.९६५ टक्के प्रकाश शोषतो, पण तो ब्रशने लावायचा रंगच नव्हता, कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचा वाढवलेला थर होता. ब्रशने लावता येणारे अतिकाळे रंगही नुसत्या स्पर्शाने खराब होतात. पेटीसाठी ते नाहीत.

लाकडाच्या रेघा दिसायला हव्या असतील तर रंगच नको. लोखंडाचा बारीक कीस शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) काही दिवस भिजवून गाळलेलं पाणी टॅनिनवाल्या लाकडाला लावलं की लाकूड स्वतःच काळं होतं. पाइनमध्ये टॅनिन थोडं, म्हणून आधी कडक काळ्या चहाचा हात द्यावा लागतो. या पद्धतीत पटाशीचा प्रत्येक घाव जसाच्या तसा दिसतो, आणि वाळलेल्या गोंदाचा थेंब काळा होतच नाही. धार जमल्यावरच इकडे वळा.

आता तुमची पेटी. लांबी आणि फळीचं टोक रंगात वेगळं दिसतं, कारण दोघं रंग वेगळ्या मापाने पितात. टोकाचे उघडे तंतू रंगातलं बांधणारं द्रव्य आत ओढून घेतात आणि वर उरते ती कोरडी पूड, म्हणून ते करडं दिसतं. लांबी कमी पिते, म्हणून तिथे थर जाड आणि चमकदार राहतो. वर आणखी रंग चढवून हा फरक जात नाही. अस्तर (प्रायमर) देऊन सगळ्या जागांची तहान आधी सारखी करावी लागते.

सगळा रंग १८० च्या कागदाने घासून सपाट करा. उखडलेल्या टोकांवर, जिथे लाकूड शिल्लक आहे तिथे, नव्याने धार लावलेल्या पटाशीने अर्धा मिलिमीटरभर साल काढा. लांबी फक्त खरोखर खोल खड्ड्यांत ठेवा. मग ओल्या फडक्याने लाकूड पुसा, तंतू उभे राहू द्या, वाळल्यावर २४० ने हलकेच घासा, टोकांना ३२० पर्यंत. हे केलं नाही तर पाण्यावरचा रंग तेच तंतू उभे करतो. टोकांना आणि गाठींना शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन पातळ हात. गाठींतली राळ काळ्या रंगातून चमकत्या ठिपक्यांसारखी वर येते, आणि काळी वस्तू उन्हात तापते त्यामुळे आणखी लवकर. त्यावर सगळीकडे करड्या किंवा काळ्या रंगाचं अस्तर. पांढरं अस्तर वापरलं तर पहिला टवका उडाला की पांढरी जखम दिसेल. अस्तर ३२० ने घासा आणि उजेड तिरका पाडून बघा: सगळी पेटी एकसारखी निस्तेज दिसली पाहिजे. कुठे चमकली किंवा खडबडीत दिसली तर अजून एक हात अस्तराचा. या टप्प्यावर घाई करू नका, इथे दिसणारा प्रत्येक फरक शेवटी दिसणार आहे.

रंगाचे हात पातळ, दोन किंवा तीन. पाण्याच्या रंगाला कृत्रिम केसांचा मऊ ब्रश किंवा बारीक फोमचा रोलर. एक बाजू एका दमात संपवा, लाकडाच्या रेघेच्या दिशेने, ओल्या काठातून ओला काठ पुढे नेत. अर्धवट वाळलेल्या जागेवर ब्रश परत नेला की तो पट्टा कायम दिसतो. मधल्या हातांना ३२० ने हलकं घासता येतं. शेवटच्या हाताला मात्र कागद लावायचा नाही, त्याने मॅटपणा जागोजागी मोडतो. काही डाग राहिला तर ठिपका भरू नका, ती पूर्ण बाजू कोपऱ्यापर्यंत पुन्हा रंगवा.

बोटांच्या डागांसाठी वर पारदर्शक मॅट पॉलियुरेथेन देता येतं, पण त्यातही सिलिकाच असते आणि काळ्यावर तिची दुधाळ झाक येते. जितके हात जास्त तितकी झाक जास्त. दोन हात द्यायचे असतील तर पहिला चकचकीत द्या आणि फक्त शेवटचा मॅट. आधी तुकड्यावर करून बघा.

जाडीचाही हिशेब ठेवा. ब्रशचा एक हात वाळल्यावर साधारण २५ ते ४० मायक्रॉनचा. अस्तराचे दोन आणि रंगाचे दोन धरले तर एका बाजूला ०.१ ते ०.१६ मिलिमीटर, आणि झाकणाचा काठ व पेटीचा काठ मिळून त्याच्या दुप्पट. घट्ट बसवलेलं झाकण एवढ्याने अडकतं. आत्ताच काठावरून पटाशीने किंवा रंध्याने तेवढी साल काढून ठेवा, किंवा आतला काठ रंगवूच नका. मी आतला काठ नेहमी कोरा ठेवतो आणि नुसतं मेण लावतो.

पेटी पुसायची तर मऊ ओलसर फडक्याने, न चोळता. डाग गेला नाही तर फडक्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब. पांढरे जादूचे स्पंज वापरू नका, ते बारीक पॉलिश पेपरसारखे घासतात. आणि रंग हाताला दोन तासांत कोरडा लागला तरी तो पूर्ण कठीण व्हायला तीन ते चार आठवडे जातात. तोवर झाकण लावून ठेवलंत तर दोन रंगलेले काठ एकमेकांना चिकटतील आणि उघडताना थर उचलला जाईल. तेवढे दिवस झाकण वेगळं, उभं करून ठेवा.